पाण्याजवळची कापा

बोलावणं आलं तेव्हा कापितोलिना येगोरोव्ना नव्या बुटांच्या टोकांना जाड दोऱ्याची जाळी घालत बसली होती. बॅलेचे बूट आले तसे घालता येत नाहीत. सॅटिन गुळगुळीत आणि टोक लाकडासारखं कडक, त्यामुळे पाय घसरतो आणि टापा वाजतात त्या वेगळ्याच. म्हणून आधी ते दाराच्या बिजागरीत चेपायचे, भिंतीवर आपटायचे आणि मग टोकं शिवायची. वीस वर्षं कापा हे करत आली होती आणि तिच्या टाक्यांचं सगळ्या थिएटरात कौतुक होतं. टाक्यांचंच होतं. नाच बघायला तिच्याकडे कोणाची नजर पोचलीच नव्हती, कारण कापा पाण्याजवळ नाचायची.

शेवटच्या रांगेतल्या बाईला थिएटरात असंच म्हणतात. जुन्या बॅलेंमध्ये मागच्या पडद्यावर बहुधा तळं रंगवलेलं असतं. पुढे नाचणाऱ्या मुख्य नर्तिका, त्यांच्यामागे दुय्यम, त्यांच्यामागे रांगा आणि सगळ्यांच्या मागे, जिच्या स्कर्टची जाळी त्या रंगीत पाण्याला घासते, ती पाण्याजवळची. कापा डावीकडून तिसरी. पर्म शहरात कामा नदीवरच्या बोटींना वेळापत्रक होतं आणि कधीकधी ते चुकायचं, पण कापाची जागा वीस वर्षांत चुकली नव्हती.

सुई तशीच बुटात खोचून ती वर गेली. मुख्य नृत्यदिग्दर्शक वेनियामिन ल्वोविच खिडकीशी सिगारेट ओढत उभे होते. तीन वर्षांपूर्वी ते मॉस्कोहून आले होते आणि अजून इथल्या थंडीबद्दल तक्रार करायचे. त्यांनी तिला बसायला सांगितलं. रांगेतल्या बाईला त्या खोलीत बसायला सांगत नसत.

एप्रिलमध्ये ‘तळ्यातली नवरी’ या जुन्या बॅलेचा दुसरा अंक पुन्हा बसवायचा होता. बुडून मेलेल्या नवऱ्या मुली पांढऱ्या वेशात तळ्याकाठी उभ्या राहतात आणि त्यांच्यातली एक आपल्या माणसाला शोधत फिरते, असा तो अंक. सगळं कुठून कुठून जमलं होतं, पण मुख्य नवरीचा एकटीचा नाच सापडत नव्हता. तो कुठे लिहिलेला नव्हता. शेवटी म्हाताऱ्या पियानोवाल्याने सांगितलं होतं की तो नाचाच्या जुन्या शिक्षिका आग्लाया फ्योदोरोव्नाबरोबर मातीत गेला नसेल तर कापाकडे असेल.

“तुमच्याकडे आहे म्हणे,” वेनियामिन ल्वोविच म्हणाले.

“आहे,” कापा म्हणाली.

त्यानंतर त्यांनी सिगारेट विझवेपर्यंत जो वेळ गेला तेवढा वेळ कापा सुखात होती. हा तिचा शेवटचा हंगाम. वीस वर्षं झाली की नाचणाऱ्यांना पेन्शन मिळतं. तिला एकोणचाळिसावं लागलं होतं. मोठ्या नर्तिकांना निरोपाची अख्खी संध्याकाळ देतात आणि रांगेतल्यांना कार्नेशनची फुलं व एक फुलदाणी. पण एक नाच, दीड मिनिटाचा, आणि तो येणारी सगळ्या थिएटरात ती एकटी. एखाद्या वेळी, एकदाच, असंही होऊ शकलं असतं.

“मग रुफिनाला द्या,” ते म्हणाले. “तीन आठवडे आहेत. पुरतील?”

कपाटातली मिठाची बरणी काढून द्या म्हणावं, तसं ते ‘द्या’ होतं. पुरतील म्हणून कापा खाली आली आणि बुटाला टाके घालू लागली. शेजारी नेली बसली होती, रांगेतली चौथी, अठरा वर्षं कापाच्या उजव्या खांद्याशी नाचणारी. तिने तोंडाकडे बघूनच ओळखलं आणि सगळं काढून घेतलं. तिची जीभ कधी जागेवर नसायची. म्हणाली, रुफिना म्हणजे ती कुंगूर गावची लाल केसांची ना, जिच्या पायाला अशी कमान आहे की खालून बोट जाईल. कापा हसली नाही. तिने दोरा दातांनी तोडला आणि ओठ कापून घेतला.

कमान. कापाचं सगळं आयुष्य त्या एका शब्दाशी येऊन अडत होतं.

ती मोतोविलिखातली, तोफांच्या कारखान्याच्या वस्तीतली. युद्ध सुरू झालं तेव्हा सहा वर्षांची होती. वडील गेले ते परत आले नाहीत. आई कारखान्याच्या खानावळीत कोबीचं सूप ढवळायची. त्याच काळात लेनिनग्राडचं थिएटर वेढा पडण्याआधी निघून त्यांच्या गावी आलं आणि गावच्या थिएटरात नाचू लागलं. एकदा आईला दोन पास मिळाले. आत इतकी थंडी की लोक कोट घालून बसले होते आणि नाचणाऱ्या बायकांच्या उघड्या खांद्यांवरून वाफ निघत होती. छोट्या कापाला वाटलं, त्या पेटल्यात. आपणही असं पेटावं, असं तिला त्या दिवशी वाटलं आणि ते कधी गेलं नाही.

युद्ध संपलं, थिएटर परत गेलं, पण काही जण राहिले आणि गावात नाचाची शाळा निघाली. दहा वर्षांच्या कापाला घेतलं ते शरीरामुळे नव्हे. पायाला कमान नव्हती आणि उडी जेमतेम होती. पण परीक्षेला आग्लाया फ्योदोरोव्नाने हातांनीच टेबलावर एक लांबलचक नाच करून दाखवला, दोन हात म्हणजे दोन पाय. मुलींना म्हणाल्या, करा. बाकीच्या चौथ्या पायरीला गोंधळल्या. कापाने सगळा केला आणि त्यात बाईंनी मध्येच नाक पुसलं होतं तेही केलं.

आग्लाया फ्योदोरोव्ना जुन्या पीटर्सबर्गच्या, लेनिनग्राड हे नाव पडण्याआधीच्या. साठी ओलांडलेली बाई हातात काठी घेऊन वर्गात बसायची. सकाळी झारीने लाकडी जमिनीवर पाणी शिंपडलेलं असायचं, कोपऱ्यातल्या पेटीत पाय घासून मुली राळ लावून यायच्या आणि भिंतीच्या दांडीला धरून रांगेत उभ्या राहायच्या. मग बाई बोलायच्या. पाय मांडीच्या सांध्यातून बाहेर वळवा, गुडघ्यातून नको. हे कुठून आलं माहीत आहे का? फ्रान्सच्या राजाच्या दरबारातून. राजा स्वतः नाचायचा. उंच टाचांच्या बुटावरचं बकल लोकांना दिसावं म्हणून पाय वळवून उभा राहायचा. त्यातूनच पायांच्या पाच जागा ठरल्या. म्हणून आजही पायऱ्यांची नावं फ्रेंच आहेत, मग नाचणारी मोतोविलिखाची असली तरी. पुढे एका धीट बाईने स्कर्ट घोट्याच्या वर घेतला, कारण पायाचं काम कोणाला दिसतच नव्हतं, आणि लोकांनी केवढा गोंधळ घातला. मग बायका अंगठ्याच्या टोकावर चढल्या, माणसाला वजनच नाही असं दिसावं म्हणून. इटालियन लोकांनी कडक टोकाचा बूट आणला आणि गिरक्या आणल्या. “आणि आम्ही,” बाई काठी आपटून म्हणायच्या, “फ्रेंचांचे मऊ हात घेतले, इटालियनांचे पोलादी पाय घेतले आणि दोघांच्या मध्ये पाठ घातली. पाठ सरळ ठेव, कापा. तुझ्याकडे तेवढंच आहे.”

तेवढंच आहे. घरी आल्यावर कापा कपाटाच्या खालच्या फटीत पायाची बोटं अडकवून आडवी व्हायची, म्हणजे पाय वाकून कमान येईल. सगळ्याच मुली हे करायच्या. पण काही मुली जन्मतःच कमान घेऊन यायच्या आणि त्या वर्गात आल्या की बाईंच्या डोळ्यांत दिवा लागायचा. कापा तो दिवा बघायची. तो कधी तिच्यासाठी लागला नाही.

सोळाव्या वर्षीच्या हिवाळ्यात बाई अंथरुणाला खिळल्या. एक दिवस त्यांनी कापाला बोलावलं आणि गोधडीवर दोन हात ठेवून नवरीचा नाच दाखवला. तो त्यांना त्यांच्या बाईंनी दिला होता आणि त्या बाईंना कोणा फ्रेंच म्हाताऱ्याने. कागदावर कुठेच नाही, पायातून पायात आलेला. रोज शाळा सुटली की कापा जायची. खोलीत पलंग आणि स्टोव्ह यांच्यामध्ये जागा ती किती. तिथे ती नाचायची आणि बाई बोटांनी चुका दाखवायच्या. शेवटचा भाग भयंकर होता. डाव्या पायाच्या टोकावर आठ लहान उड्या, दुसरा पाय मागे ताणलेला, आणि जायचं मागे मागे, पाण्याच्या दिशेने. स्टेज मागे चढतं होत जातं, म्हणजे या उड्या चढावर घ्यायच्या. आणि शेवटी टाच अशी टेकवायची की आवाज होता कामा नये. बुडालेली माणसं आवाज करत नाहीत, बाई म्हणायच्या.

कापाला पाच जमायच्या. सहावीला घोटा लडबडायचा.

“मलाच का देता?” तिने एकदा धीर करून विचारलं होतं. तिला वाटलं होतं, बाई आता म्हणतील की तुझ्यात काहीतरी आहे.

“तू कपाट आहेस, पोरी,” बाई म्हणाल्या. “तुझ्याकडे ठेवलं की जसंच्या तसं राहील.”

त्या वसंतात बाई गेल्या. त्या शब्दाचा काटा कापाच्या मनातून निघाला नाही, पण नाच मात्र तिने जपला. घरी कोणी नसलं की महिन्यातून एकदा ती टेबल सरकवून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची, पाच उड्यांपर्यंत. कमान दुसऱ्यांकडे होती, पुढच्या रांगा दुसऱ्यांच्या होत्या, फुलं दुसऱ्यांना मिळत होती. हे एवढं मात्र तिचं होतं आणि आता ते मागायला आले होते.

रुफिना झिर्यानोव्हा एकोणीस वर्षांची, उंच, नाकावर ठिपके, आणि सदान्‌कदा खात असायची. पहिल्या दिवशी सरावाच्या खोलीत आली ती कागदाच्या पुड्यात मटणाच्या गरम करंज्या घेऊन. आधी कापापुढे पुडा धरला. म्हणाली, घ्या ना कापितोलिना येगोरोव्ना, मोहरीही आहे. कापा म्हणाली की तिचं जेवण झालंय. झालेलं नव्हतं. मुलीत नावं ठेवायला काही नव्हतं आणि हेच कापाला सगळ्यात जास्त खुपलं. उर्मट असती, आळशी असती, तर बरं झालं असतं. ही वेळेवर यायची, सांगितलेलं ऐकायची, चुकली की स्वतःवर हसायची. आणि पाय पुढे केला की ती कमान. कापा भाषण करावं तसं तोंडाने पायऱ्या सांगत राहायची आणि नजर त्या पायावरून हलायची नाही. एवढ्या वर्षांत कपाटाखाली बोटं चेपून जे मिळालं नाही, ते या पोरीने कुंगूरहून मोज्यात घालून आणलं होतं.

“तू पाय दाखवतेस,” ती म्हणायची. “नाच नाही दाखवत.”

“पुन्हा करते,” रुफिना म्हणायची. राग नाही, काही नाही.

कापाने सगळं दिलं. कुठल्या ठोक्याला श्वास, कुठे हात खांद्याच्या खाली, कुठे डोकं पाण्याकडे. फक्त शेवट दिला नाही. आठ उड्यांच्या जागी तिने एक साधा शेवट रचला, तिरप्या रेषेत गिरक्या घेत यायचं आणि गुडघ्यावर बसायचं. दिसायला ठीक होतं. असे शेवट वीस बॅलेंमध्ये असतात. कोणाला कळणार होतं? खरा शेवट तिच्याबरोबर पेन्शनीत जाईल, तिच्या टेबलामागे राहील, मरेपर्यंत पाचच उड्यांचा का असेना.

एकदा न राहवून तिने हे नवऱ्याला सांगितलं. अर्काशा त्याच कारखान्यात फिटर. थिएटरात तो पहिल्या दहा मिनिटांत झोपायचा आणि बायको कुठे उभी होती हे नेलीला विचारून घ्यायचा. तो पेल्मेनी, मटणाच्या उकडलेल्या करंज्या, खात होता. म्हणाला, मग शिकव की सगळं, देऊन तुझं काय वजन कमी होणारे? कापा त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कारण सांगायचा प्रयत्न केला, पण सांगताना तिलाच ते कारण फार छोटं वाटू लागलं आणि ती आणखी चिडली.

तिसऱ्या आठवड्यात स्टेजवर तालीम झाली. रांगा लागल्या. चोवीस नवऱ्या, हात कमळाच्या पाकळ्यांसारखे मिटलेले. कापा आपल्या जागी. वेनियामिन ल्वोविच अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसले. त्यांना नाच आधी पूर्ण बघायचा होता, म्हणून त्या दिवशी रांगेतल्यांना मान सैल सोडायला परवानगी होती. कापाने पाहिलं.

रुफिना निघाली. दुसऱ्या तिरप्या रेषेत तिने टोकावर चढून हात उघडले आणि क्षणभर, अगदी क्षणभर, डोळ्याच्या कोपऱ्यातून उजवीकडे बघितलं. तिसऱ्या रेषेत पुन्हा. प्रत्येक थांब्याला ती नजर उजवीकडे जाऊन परत येत होती. कापाला आधी कळेना की हे काय. मग तिच्या लक्षात आलं. रांगेत नाचणारी बाई प्रत्येक थांब्याला शेजारणीच्या खांद्याकडे बघते, रेष सरळ आहे की नाही म्हणून. वीस वर्षं केलं की डोळा आपोआप जातो. कापा सरावाच्या खोलीत एकटी नाचून दाखवायची तेव्हाही तिचा डोळा जात होता आणि तिला स्वतःला पत्ता नव्हता. पोरीने पायातून पायात सगळं घेतलं होतं, ते खोड सुद्धा. शेजारी नसलेल्या खांद्याकडे ती बघत होती.

नेली कुजबुजली, “बया, तो तर तुझा चोरटा डोळा. माझ्याकडे बघतेय की काय ही?”

कापाला वाटलं, आता ओरडा बसेल. दिग्दर्शक विचारतील, हे कसलं इकडेतिकडे बघणं. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं बरं वाटलं.

नाच संपला. अंधारातून वेनियामिन ल्वोविचचा आवाज आला. ते म्हणाले, ती नजर. ती कुठून आणलीस? शेजारी कोणी असायला हवं होतं आणि नाहीये असं बघतेस. हेच तर सगळं आहे या नाचात. हे जुनं पीटर्सबर्ग आहे, हे आज कोणाला शिकवता येत नाही.

“कापितोलिना येगोरोव्ना तसं करतात,” रुफिना म्हणाली. “मी बघून घेतलं.”

कोणी कापाकडे बघितलं नाही. दिग्दर्शक हसले आणि म्हणाले, छान, छान. कापा पाण्याजवळ उभी राहिली आणि तिचे कान तापून लाल झाले. बाई म्हणायच्या पाय, उडी, कमान. ते काहीच नव्हतं तिच्याकडे. एक खोड होती, रांगेत उभं राहून राहून लागलेली, आणि या पोरीने तीन आठवड्यांत ती उचलली व तिचं सोनं झालं. तिच्या डोळ्यात असताना ती चूक होती. कमान असलेल्या पायावर चढली की ते जुनं पीटर्सबर्ग.

पण वेनियामिन ल्वोविचचं बोलणं संपलं नव्हतं. शेवट फालतू आहे, ते म्हणाले. बाकी सगळं सोनं आणि शेवटी हा पत्रा. आग्लाया फ्योदोरोव्नाने असा शेवट केला नसता, लोक विसरले असतील. हरकत नाही, शेवट मी बसवतो. उद्या सकाळी. बत्तीस गिरक्या टाकू, लोकांना आवडतात, आणि कार्यक्रमपत्रिकेवर आग्लाया फ्योदोरोव्नाचं नाव जाईलच.

कापाच्या डोळ्यांपुढे गोधडीवरचे ते दोन हात आले. बुडालेल्या नवरीने बत्तीस गिरक्या घ्यायच्या आणि त्याला बाईंचं नाव लागायचं. ते नको होतं. पण त्याहून आधी, त्याहून खोल, दुसरी एक गोष्ट तिच्या मनात उठली आणि तिनेच तिचं तोंड उघडलं.

“दुसरा शेवट आहे,” ती शेवटच्या रांगेतून म्हणाली. चोवीस डोकी वळली. “खरा. मी दिला नाही. तिला जमणार नाही.”

दिग्दर्शकांनी शांतपणे विचारलं की का दिला नाही. कापा वाकून बुटाची फीत घट्ट करू लागली आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना वीस वर्षं थिएटरात काढलेल्या बायका माहीत होत्या. म्हणाले, उद्या सकाळी माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या खोलीतल्या, स्टेजसारख्याच चढत्या जमिनीवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. कापाने शाल काढली, डाव्या पायाच्या टोकावर चढली आणि उड्या घेतल्या. एक, दोन, तीन, चार. पाचवीला घोटा सुटला आणि ती दांडीला धरून थांबली. सोळाव्या वर्षी पाच जमायच्या, आता चार. वेनियामिन ल्वोविच खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

“अशा आठ,” ती म्हणाली. “मागे, चढावर. शेवटी टाच, आवाज न करता. मला कधीच आठ जमल्या नाहीत.”

रुफिनाने हातातली पावाची पुडी खिडकीत ठेवली. पहिल्या वेळी तिसऱ्या उडीला पडली. पडताना मोठा आवाज झाला आणि कापाला, लाज वाटावी इतकं, गोड वाटलं. दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा पुन्हा तीन, आणि यावेळी पडली ती कोपरावर. कोपर सोलून निघालं. चौथ्यांदा सहा. कापा भिंतीला टेकून उभी होती. मनात म्हणत होती, पड. घोटा कुठे सुटतोय तेही तिला दिसत होतं. मुलगी उडी वरच्या दिशेने घेत होती आणि चढाव तिला खाली ढकलत होता. एवढंच सांगायचं होतं, की उडी घेऊ नकोस, फक्त पाय खालून काढून घे, जसं कोणी गालिचा ओढतंय. बाईंनी गोधडीवर बोटांनी ते दाखवलं होतं. कापाच्या घोट्यात ताकद नव्हती म्हणून तिला ते समजूनही जमलं नव्हतं. हिच्या घोट्यात होती.

पाचव्या वेळी सात. रुफिना घामाने निथळत उभी राहिली आणि कापाकडे बघितलं. ती काही विचारत नव्हती. विचारायचं तिला सुचलंच नसेल. तिला वाटत होतं, कापितोलिना येगोरोव्नाकडे होतं नव्हतं ते सगळं देऊन झालंय.

कापाला वाटलं, आता गप्प राहिलं तर ही सातवरच राहील. सात आणि पाच. फार फरक नाही. बाई म्हणाल्या होत्या, जसंच्या तसं राहील. पण ते जसंच्या तसं तिच्याकडे राहिलं नव्हतंच. चारवर आलं होतं, पुढच्या हिवाळ्यात तीनवर येईल आणि मग टेबल सरकवायचीही गरज उरणार नाही.

“वर नको उडूस,” तिने म्हटलं. आवाज तिला हवा तसा कोरडा निघाला नाही. “पाय खालून काढ. कोणी गालिचा ओढतंय असं.”

सहाव्या वेळी आठ झाल्या. टाच टेकली आणि खोलीत काहीच ऐकू आलं नाही. वेनियामिन ल्वोविच उठून उभे राहिले. रुफिना हसत सुटली आणि खिडकीतला पाव घेऊन खाऊ लागली. कापाने शाल गुंडाळली. आनंद वगैरे काही नव्हता. घरातून शेवटचं चांगलं भांडं कोणी उचलून नेलं की फळीवर जी रिकामी जागा दिसते, ती जागा तिला दिसत होती. इतकंच की फळी आता वाकत नव्हती.

प्रयोग एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी झाला. कामा नदीवरचा बर्फ फुटायला लागला होता आणि मध्यंतरात सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. दुसऱ्या अंकाला पडदा उघडला, चोवीस नवऱ्या रांगेत उभ्या राहिल्या. कापा डावीकडून तिसरी. मुख्य नवरी निघाली की रांगेतल्या सगळ्यांनी डोकं डावीकडे झुकवायचं आणि नाच संपेपर्यंत हलायचं नाही, असं वेनियामिन ल्वोविचने बसवलं होतं. पांढऱ्या मानांची एक लाटच त्यांना हवी होती. रुफिना उजवीकडे नाचत होती.

कापाला समोर फक्त डावीकडचा पडदा दिसत होता. त्याच्याआड एक सुतार उभा होता, तो तोंड उघडं टाकून स्टेजकडे बघत होता. आपण बघू शकलो असतो, तिने विचार केला. मान दोन बोटं वळवली असती तरी. हजार माणसं बघत होती. आगीवर लक्ष ठेवणारा शिपाई बघत होता. तेवीस वर्षं ज्या बाईने तो नाच सांभाळला तिला एक पडदा आणि एक सुतार दिसत होता. पण मान वळवली असती तर लाट मोडली असती, आणि वीस वर्षांत कापाने रेष मोडली नव्हती. तिची मान तिचं ऐकेना.

मग ती ऐकू लागली. रुफिनाचे बूट नवे होते, पण नीट आपटलेले. कापानेच आपटून दिले होते. टाके सुद्धा तिचेच. पहिली तिरपी रेष. थांबा. इथे नजर, उजवीकडे. दुसरी रेष. इथे श्वास. पोरीने श्वास वेळेवर घेतला. तिसरी. मग संगीत पातळ झालं आणि डाव्या पायाच्या उड्या सुरू झाल्या. आवाज मागे मागे, तिच्याकडे येऊ लागला. एक. दोन. टोकाचा आवाज इतका बारीक की पावसाच्या थेंबासारखा वाटावा. पाच. सहा. कापाच्या पोटरीचा स्नायू स्कर्टच्या आत आपोआप आवळला. सात. आठ.

टाच टेकली. मग टाळ्या आल्या त्या बर्फ फुटल्यासारख्या. मानांची लाट तशीच डावीकडे झुकलेली होती. सुतार हात पुसायला विसरून टाळ्या वाजवत होता.

अंक संपला. मुली पडद्याआड पळाल्या. रुफिना तीनदा पुढे जाऊन वाकून आली. हातात फुलं, छाती भात्यासारखी चालत होती, डोळ्यांभोवतीचा रंग घामाने गालावर ओघळला होता. दिग्दर्शक तिच्याकडे येत होते, कोणीतरी तिचा हात धरत होतं, पण ती सगळ्यांना चुकवून कापापाशी आली. धाप लागलेली.

“कसं झालं? दिसलं तुम्हाला?”

“नाही,” कापा म्हणाली. बूट सोडायला ती खाली वाकली होती. “ऐकलं.”

रुफिना तिच्याकडे बघत राहिली. वेनियामिन ल्वोविच हाक मारत होते.

“टाच,” कापा म्हणाली आणि फीत सोडवत राहिली. “आठवीनंतर टाच वाजली. लोकांना कळलं नाही. मला कळलं. त्या खोलीत परवा नव्हती वाजली.” तिने फीत घोट्याभोवतून सोडली, बूट काढला आणि तो हातात धरून वर बघितलं. समोरच्या मुलीच्या गालावर रंगाची रेष, हातात कार्नेशनची फुलं, आणि बुटात तो पाय. कापाच्या मनात तेच जुनं, तिखट खुपणं अजूनही होतं. ते गेलं नव्हतं. जाणार असंही दिसत नव्हतं. “उद्या रविवार आहे,” ती म्हणाली. “दहा वाजता ये. आणि येताना काही खाऊ नकोस, पोट भरलं की तू जड होतेस.”